निधान, अक्का, निधान

घाईची खोड मला जन्मजात आहे. आई म्हणायची, हिला पोळी तव्यावर फुगायच्या आधीच ताटात हवी. बंगलोरला मी गेले तीही अशीच, निकाल लागल्या लागल्या, एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊन, कन्नडचं अक्षर न येता. आता बेंगळुरू म्हणतात, पण माझ्या तोंडात बंगलोर बसलंय ते बसलंय. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायची होती, आणि तीन वर्षांच्या आत करायची होती. माझ्या आधीच्यांना पाच-पाच वर्षं लागली होती हे कुणी सांगितलं की मी मनात म्हणायचे, ते ढिले असतील.

आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीबाहेर भलामोठा पर्जन्यवृक्ष, त्यामुळे भर दुपारीही आत हिरवट उजेड. पहिल्याच दिवशी माझ्या हातून काचेची नळी फुटली आणि मी एकटीच आहे असं समजून चांगली मोठ्यानं ओरडले, "जळ्ळं मेलं हे!"

मागून आवाज आला, "मेलं म्हणू नका अक्का, कालच नवीन आणलंय ते."

मी दचकले. खाकी शर्टातला, पन्नाशी उलटलेला, कपाळावर बारीक गंध लावलेला एक माणूस हातात झाडू घेऊन उभा होता. हे आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडर. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले.

"अगंबाई, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हणजे? घरचंच की. तीनशे-साडेतीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इथं येऊन. कोण्या लष्करामागनं आले, म्हणतात. लष्कर गेलं माघारी, आमी राहिलो."

पण काय ती मराठी! अर्धी माझ्या पणजीच्या तोंडची, अर्धी कन्नडात भिजलेली. कुठल्याही कामाला ते "सरी" म्हणायचे, म्हणजे बरं, ठीक. आणि सारखं "स्वल्प थांबा, स्वल्प थांबा". मी त्यांना चिडवायचे, अण्णा, आमच्यात स्वल्प फक्त विरामाला उरलाय हो. त्यावर ते म्हणायचे, "तुमी पुण्याकडचे लोक शब्द वापरून टाकून देता, आमी जपून ठेवलेत." मी पुण्याची नाही, नाशिकची, हे मी त्यांना निदान शंभर वेळा सांगितलं असेल. त्यांच्या लेखी कृष्णेच्या पलीकडचं सगळं पुणेच होतं.

त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या रेशमाचं सूत रंगवायचा धंदा होता. जुन्या पेठेतल्या घराच्या मागच्या अंगणात भट्ट्या आणि रंगाची पातेली होती. भावकीतल्यांकडे अजून होती. अण्णा मात्र तरुणपणीच या नोकरीला लागले. नव्या येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगायचेच, तशी मलाही सांगितली. "तीस वर्षं झाली अक्का. सर्विस बुकात लाल शाईची एक रेघ नाही. हापिसात जाऊन कुणालाही विचारा." हे सांगताना ते दोन्ही हात पुढे करून तळवे दाखवायचे, शाळेत नखं तपासायला दाखवतात तसे.

आता माझं काम काय होतं ते सांगते, फार अवघड नाही. लहान बाळाला पुरळ उठलं की जो पांढरा लेप लावतात, त्यातली मुख्य पूड म्हणजे जस्ताचं ऑक्साइड. ही पूड रंगीत पाण्यात टाकून उन्हात ठेवली की ऊन पिऊन ती पाण्यातल्या रंगाचे तुकडे तुकडे करते. पाणी स्वच्छ होतं. पण पूड नुसती बारीक असून भागत नाही. तिचे कण डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके लहान हवेत, आणि वर ते घाटदार हवेत. ओबडधोबड कण आळशी असतात. कडा आणि बाजू नेटक्या असतील तर तीच पूड झपाट्यानं काम करते. हा घाट आणायचा कसा, हा माझा विषय.

आणि तो आणायची त्या वेळची आमची रीत म्हणजे बॉम्ब. खरंच तसंच म्हणत. बोम्मसंद्राच्या कारखान्यांतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतलेलं जाड पोलादाचं भांडं, डब्याएवढं, वर आट्यांचं झाकण. आत जस्ताचा क्षार आणि कॉस्टिक सोड्याचं कडक द्रावण भरायचं, पान्यानं झाकण आवळायचं आणि भट्टीत दोनशे अंशांपर्यंत तापवायचं. आतल्या दाबाखाली कण घडायचे. मग ते भांडं पुरतं थंड होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. हा नियम भिंतीवर तीन भाषांत लिहिलेला होता. मराठीत नव्हता, पण ती काही सबब नव्हे.

दुसऱ्या बाजूच्या इमारतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्यासाठी महिना महिना रांग असायची. एका गुरुवारी कुणाचा तरी नमुना बिघडला आणि निरोप आला की चार वाजताची पाळी रिकामी आहे, हवी असेल तर घ्या. माझा बॉम्ब अडीचला भट्टीतून बाहेर काढलेला. थंड व्हायला रात्र हवी होती. मी म्हटलं, रात्र कशाला, नळाखाली धरते अर्धा तास. धरला. वरून हात लावून पाहिला, कोमट लागला. वरचं पोलाद कोमट झालं म्हणजे आतलं पाणी निवलं असं नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं, कारण माझ्या डोक्यात चार वाजले होते. चष्मा खिळ्याला टांगलेला होता. तो घ्यायला चार पावलं चालावं लागलं असतं.

मी पाना लावला. कोपऱ्यात फरशी पुसणारे अण्णा ताडकन उठून म्हणाले, "निदान, अक्का!"

आपल्याकडे निदान म्हणजे किमान. निदान चहा तरी घ्या, निदान पत्र तरी टाका. कुणी "निदान" म्हणून थांबलं की पुढचं वाक्य येईल म्हणून आपण वाट बघतो. मीही पाना फिरवतच मान वळवली आणि खेकसले, "निदान काय? बोला की पटकन!"

"निदान! निदान!" ते ओरडले आणि धावले.

हातातलं फरशीचं फडकं त्यांनी भांड्याच्या तोंडावर दाबलं, आणि त्याच क्षणी झाकण सुटलं. फुस्स करून आवाज झाला. माझ्या तोंडावर येणारा उकळत्या कॉस्टिकचा फवारा त्या फडक्यात आणि त्यांच्या उजव्या हातावर गेला. माझ्या गालावर फक्त वाफ आली. आजही आरशात पाहताना कधीतरी मनात येतं, हे दोन डोळे आहेत ते कुणाचे आहेत.

मी त्यांचा हात नळाखाली धरला. पाणी धो धो वाहत होतं, ते ओठ घट्ट मिटून उभे होते आणि मी रडत होते. तेवढ्यात आवाज ऐकून आमचे सर आले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, तापट आणि शिस्तीचे. जमिनीवर पडलेलं झाकण त्यांनी पाहिलं, पाना पाहिला.

"गरम असताना हे कुणी उघडलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मला बोलायचं होतं. शपथेवर सांगते, तोंड उघडलंही होतं. पण त्याच आठवड्यात माझ्या फेलोशिपच्या नूतनीकरणाची बैठक होती, आणि आदल्याच वर्षी असल्याच बेपर्वाईसाठी सरांनी एका विद्यार्थ्याला घरी पाठवलं होतं. त्या एका क्षणात हे सगळं डोक्यातून गेलं. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नानु, सर." मी, सर.

आणि मी मूग गिळून बसले.

दवाखान्यातल्या बाकड्यावर, हाताला पट्टी बांधून झाल्यावर, मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय म्हणायचं होतं? निदान काय?"

"निदान काय म्हणजे? निधान, निधान!" त्यांनी या वेळी घशातून जोर लावून म्हटलं. "हळू हो. घाई नको. घरात आमी असंच म्हणतो. कन्नडच आहे ते, पण आमच्यात आता मराठीच झालंय." मी त्यांना आमच्या निदानचा अर्थ सांगितला. ते असे हसायला लागले की नर्सनं आत डोकावून पाहिलं. "म्हणजे मी हळू म्हणतोय आणि तुमी पुढचं ऐकायला थांबलात! पण हात नाही थांबवला की, अक्का." मग म्हणाले, "असला शब्द आमच्यात नाही. किमान घ्या, किमान या, असं आमी बोलतच नाही. तुमचं निदान तुमच्याकडंच ठेवा."

"पण तुम्ही असं का सांगितलंत सरांना?"

"मला काय करणार? ओरडतील. तुमाला घालवतील."

ओरडण्यावर भागलं नाही. चौकशी झाली, कागद फिरले, आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या सर्विस बुकात लाल शाईनं एक ओळ लिहिली गेली. कामात निष्काळजीपणा, सहकाऱ्यांच्या जिवाला धोका. त्यांची बदली तळमजल्यावरच्या रसायनांच्या कोठारात झाली. निवृत्तीला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं. माझी फेलोशिप वाढवून मिळाली. मला पेढे वाटायला सांगितले सगळ्यांनी, आणि मी वाटले. लाज कशाला म्हणतात ते त्या पेढ्यांनी मला शिकवलं.

आठ दिवस मी कोठाराकडे फिरकले नाही. गेले तेव्हा ते बाटल्यांवरची लेबलं डाव्या हातानं पुसत होते. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. खोलीला एकच झरोका, गंधकाचा वास.

"इथं बरं आहे," ते म्हणाले. "कुणी घाई करत नाही."

टोमणा होता की नव्हता, कोण जाणे. मला तो टोमण्यासारखाच लागला. मी म्हणणार होते की उद्या जाऊन सरांना सांगते. म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगू, शोधनिबंध छापून आल्यावर सांगू, असं करत राहिले. खाई त्याला खवखवे. सर नुसते जिन्यावर दिसले तरी मी दुसऱ्या जिन्यानं जायचे.

एवढं मात्र मी केलं की बॉम्बला पुन्हा हात लावला नाही. सरांना सांगितलं, मी उघड्या भांड्यात, पाणी उकळायच्या आत हे कण करून दाखवते. सर म्हणाले, जगभर लोक दाबाखालीच करतात, तू काय वेगळी लागून गेलीस? मी म्हटलं, करून तर बघते. आणि लागले की माझ्या स्वभावाप्रमाणे! जस्ताच्या द्रावणात कॉस्टिक ओतायचं, तापवायचं, गाळायचं, पुन्हा ओतायचं. दर वेळी हाती यायचा तो फाटलेल्या दुधासारखा चोथा. ना घाट ना कड. पाच महिने असे गेले. माझ्या तीन वर्षांच्या हिशेबाचं केव्हाच वाटोळं झालं होतं.

एक दिवस कोठारात कॉस्टिकची बाटली मागायला गेले तेव्हा अण्णांनी ती दिली नाही. म्हणाले, "किती नेता हो? काय करता त्याचं?" मी स्टुलावर बसले आणि सगळं रडगाणं गायले.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ओतता कशाला?"

"मग काय करू?"

"आमची आई रेशमाचा डिंक काढायची ना, तिला पण सोडा लागायचा. पण सोडा एकदम पडला की रेशीम खाऊन टाकतो. मग ती काय करायची, फडक्यात सोड्याची पुरचुंडी बांधून पातेल्यात वरनं टांगायची. सुटेल तसा सुटू दे. आणि पाणी उकळू द्यायची नाही. म्हणायची, पाणी बोललं की रेशीम गेलं. पाण्यानं गप्प राहून काम करायला पाहिजे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "निधान करा, अक्का."

मी स्टुलावरून उठले ती पुन्हा बसलेच. एकदम पडला की खाऊन टाकतो! मी इतके दिवस नेमकं तेच करत होते. अल्कली, म्हणजे कॉस्टिक, एका दणक्यात ओतत होते, मग कणांना घडायला उसंत कुठली? मला हवी होती पुरचुंडी. पाण्यात राहून हळूहळू अल्कली सोडील असं काहीतरी. आणि ते मला माहीत होतं! कॉलेजात असताना सह्याद्रीत भटकायला जायचो तेव्हा चहा करायला पांढऱ्या वड्या जाळायचो, त्या हेक्झामीनच्या. ते पाण्यात तापवलं की सावकाश फुटतं आणि त्यातून जरा जरा अमोनिया, म्हणजे अल्कलीच, सुटत राहतो.

"अण्णा, हेक्झामीन आहे?"

ते उठले, मागच्या मांडणीवरून एक गंजका डबा काढला आणि शर्टाच्या टोकानं त्यावरची धूळ पुसून मला दिला.

काचेचं साधं भांडं, त्यात पाणी, जस्ताचा क्षार आणि हेक्झामीन. नव्वद अंशांचं कडकडीत, पण गप्प पाणी. दाब नाही, झाकण नाही, कॉस्टिक नाही. पहिला तास काहीच घडलं नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले, खरंच सांगते, नाहीतर काहीतरी ढवळलंच असतं. मग पाण्यात दुधाचा थेंब पडल्यासारखं धुकं आलं, आणि ते धुकं सावकाश खाली बसलं.

सूक्ष्मदर्शकाचं छायाचित्र हातात आलं तेव्हा मी जिने दोन दोन पायऱ्यांनी उतरून आधी कोठारात गेले, सरांकडे नाही. एकाच मापाच्या, सहा बाजूंच्या, टोकं सपाट असलेल्या काड्याच काड्या. अण्णांनी छायाचित्र झरोक्यापाशी नेलं.

"ह्या तर पेन्सिली की!"

नंतर मी त्याच भांड्यात लिंबूसत्त्वाचा क्षार चिमूटभर घातला, तर काड्यांऐवजी सहाकोनी चकत्या आल्या, आणि त्या तर रंग आणखीच भराभर खायच्या. लिंबूसत्त्व! सरबतात घालतो ते. सर छायाचित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला काही धोकाच नाही." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे हत्तीवरून साखर वाटण्यासारखं होतं.

रंगीत पाणी अण्णांनीच आणून दिलं, भावकीतल्या भट्टीवरचं, दोन कॅन भरून, गर्द राणी रंगाचं. गच्चीवर काचेच्या पसरट थाळ्यांत ते ओतलं, एकीत माझी पूड टाकली, एकीत नाही. दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून होतो. अण्णांनी घरून फिरकीच्या झाकणाच्या डब्यात कॉफी आणली होती. अकराला राणी, बाराला गुलाबी, दीडला नुसती पाण्यात कुंकवाचं बोट बुडवल्यासारखी छटा, आणि तीनच्या आत पाणी. शेजारची थाळी होती तशी राणीच.

अण्णा वाकून त्या थाळीकडे पाहत राहिले. "आमच्या आजोबांनी रंग पक्का करण्यात जन्म घातला," ते म्हणाले, "आणि तुमी तो घालवायला आलात." मी खूप हसले. ते हसता हसता हात चोळत होते. उन्हात त्या हाताची कातडी तडतडायची, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं. गच्चीवर कुणी नव्हतं, निवृत्तीला चार महिने होते, आणि त्या गृहस्थानं आयुष्यात एकच गोष्ट मिरवली होती, ती मी मळवली होती. मी कॉफी प्यायले आणि थाळ्या धुतल्या.

तीन महिन्यांनी विभागात माझं व्याख्यान ठेवलं होतं. बाहेरगावचे दोन प्राध्यापक आलेले, सभागृह भरलेलं. माणसं कमी पडली म्हणून चहा द्यायला अण्णांना कोठारातून वर बोलावलं होतं. ते मागच्या दाराशी, हातात ट्रे घेऊन, धुतलेल्या खाकी कपड्यांत उभे होते. सरांनी माझी ओळख करून दिली. चांगलंच बोलले. म्हणाले, सुरक्षित पद्धतीची ही कल्पना एका दुर्दैवी घटनेतून आली. आमच्या एका अटेंडरच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, आणि तेव्हापासून...

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी मागे पाहिलं. अण्णा ट्रेमधल्या कपांकडे बघत होते, जणू ते मोजायचे राहिले होते. सगळ्या सभागृहात त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घाईचा काहीतरी उपयोग झाला. विचार केला असता तर मी पुन्हा गप्प बसले असते.

"सर, ते भांडं मी उघडलं होतं," मी म्हणाले. "गरम असताना. चष्मा न लावता. ते मला थांबवत होते. त्यांनी हात मध्ये घातला म्हणून मला डोळे आहेत. आणि ही पद्धतही त्यांच्या आईची आहे." इतकं बोलून मी पहिली पारदर्शिका प्रोजेक्टरच्या उजेडावर ठेवली, उलटी. व्याख्यान कसं झालं ते मला आठवत नाही.

सरांनी दोन दिवस माझं तोंड पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लेखी समज दिली आणि प्रबंध सहा महिने अडवला. तीन वर्षांचे साडेचार झाले. ते सगळं मला मिळायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती अण्णांची. मला वाटलं होतं, ते खूश होतील. मी धावत कोठारात गेले तर त्यांनी स्टूल पुढे केलं नाही.

"सरांच्या तोंडावर मी खोटं बोललो, हे आता सगळ्यांना कळलं," ते म्हणाले. "आधी निष्काळजी होतो, आता खोटारडा पण झालो. भरल्या सभेत सांगायची काय गरज होती? दार लावून सांगायचं होतं. वर्षभर दार होतंच की."

खरंच होतं ते. त्यानंतर त्यांना परत वर आमच्या प्रयोगशाळेत आणलं, पण ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. सरी अक्का, नाही अक्का, झालं अक्का.

मी कचेरीत खेटे घालत होते ते त्या लाल ओळीसाठी. कारकून भला माणूस होता, पण त्यानं हात वर केले. सर्विस बुकात लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणाला, नियमच आहे. पान फाडता येत नाही, शाई लावता येत नाही. फार तर खाली दुसरी ओळ लिहिता येईल, तीही लाल शाईनंच. मी म्हटलं, मग तीच लिहा. त्यालाही अर्ज, त्याच्यावर सरांची सही, वरच्या साहेबांची सही. सरांनी सही केली, एक अक्षर न बोलता, पण केली. वरची सही आली ती अण्णांच्या शेवटच्या दिवशी, दुपारी.

निरोपाचा हार, शाल, नारळ झाला होता. सगळे चहाला पांगले होते. मी कारकुनाकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि प्रयोगशाळेत अण्णांसमोर टेबलावर उघडून ठेवलं. तीस वर्षांची कोरीकरकरीत पानं, आणि शेवटच्या पानावर दोन लाल ओळी. वरची, निष्काळजीपणाची. खालची, की वरील शेरा चौकशीअंती रद्द करण्यात येत आहे, संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. एक रेघ नसलेल्या पुस्तकात आता एकाच्या दोन झाल्या होत्या, आणि त्या दोन्ही माझ्यामुळे.

त्यांनी चष्मा लावला. न मिटणारं बोट आधी वरच्या ओळीवरून नेलं, मग खालच्या. दोनदा वाचलं. खिडकीतल्या झाडाचा हिरवा उजेड पानावर पडला होता. बोलायची घाई झाली होती, पण नाही बोलले.

त्यांनी पुस्तक मिटलं, हार काढून त्यावर ठेवला, आणि पहिल्यांदाच माझा शब्द उचलला.

"निधान आलात, अक्का," ते म्हणाले. "पण निदान आलात."